बाळाला माणसे कळू लागतात तेव्हा : एका प्रश्नाचा तीनशे वर्षांचा इतिहास

सात-आठ महिन्यांचे मूल आईच्या कडेवरून एखाद्या परक्या पाहुण्याच्या हाती दिले की ते ओठ काढते, मागे वळून आईकडे झेपावते. आणि घरातली वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणतात, ‘याला आता माणसे कळू लागली.’ आपल्याकडे हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बोलले जात आहे. आधी माणसे कळत नव्हती, हे त्यात गृहीत आहे. पण खरेच कळत नव्हती का? नसतील, तर ती कळण्याची क्रिया केव्हा आणि कशी घडली? आणि नेमक्या त्याच महिन्यांत बाळाला काही दिसलेच नाही, तर ती कसर पुढे कधी भरून निघते का?

हे तीन प्रश्न वरवर घरगुती वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांचा तीन शतकांहून मोठा इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण गेल्या वीसेक वर्षांत भारतात, दिल्लीच्या एका नेत्ररुग्णालयाच्या साहाय्याने लिहिले गेले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर केवळ जिज्ञासेपुरते उरत नाही. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलावर आता शस्त्रक्रिया करण्यात काही अर्थ आहे का, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

या इतिहासाचा आरंभ एका पत्रात सापडतो. आयर्लंडमधील डब्लिनचे विद्वान विल्यम मॉलिनो यांनी १६८८ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या विचारांना अनुलक्षून एक कोडे मांडले. मॉलिनोंच्या पत्नीची दृष्टी विवाहानंतर लवकरच गेली होती. त्यामुळे अंधत्वाचा विषय त्यांना परका नव्हता. कोडे असे : जन्मांध माणसाने घन आणि गोल या दोन वस्तू हाताने चाचपून नीट ओळखायला शिकल्या आहेत. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता, केवळ पाहून तो त्या दोन वस्तू ओळखू शकेल का? लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत हे कोडे समाविष्ट केले आणि मॉलिनोंप्रमाणेच ‘नाही’ असे उत्तर दिले. डोळ्यांनी पाहणे ही निसर्गदत्त देणगी आहे की अनुभवाने मिळवलेली विद्या आहे, हा वाद तेव्हापासून युरोपात रंगला.

वादाला पहिला प्रत्यक्ष आधार १७२८ साली मिळाला. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम चेसल्डन यांनी अगदी लहानपणापासून मोतीबिंदूमुळे अंध असलेल्या, तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलावर शस्त्रक्रिया केली आणि त्याचे अनुभव रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवले. त्या मुलाला वस्तूंचे आकार ओळखता येईनात. घरातले मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हे त्याला सांगूनही आठवेना. पुन्हा विचारायचा संकोच वाटून त्याने मांजराला धरले, हाताने चाचपले आणि मग डोळे भरून पाहून घेतले. चेहऱ्यांबाबतच्या दोन नोंदी तर आजही विचार करायला लावतात. ज्या माणसांवर आपले अधिक प्रेम आहे ती दिसायलाही अधिक सुंदर असतील, अशी त्याची अपेक्षा होती; तसे नाही हे पाहून तो चकित झाला. आईच्या घड्याळाला लावलेल्या लहानशा पदकात वडिलांचे चित्र होते. ते दाखवल्यावर त्याला साम्य जाणवले, पण एवढा मोठा चेहरा एवढ्याशा जागेत मावला कसा, हेच त्याला उमजेना. माणूस पूर्ण परिचयाचा, आवाज परिचयाचा, स्पर्श परिचयाचा. चेहरा मात्र नवा. ओळखीच्या माणसाचा चेहरा ओळखणे ही वेगळी विद्या आहे, याची इतकी स्पष्ट साक्ष पूर्वी क्वचितच कुणी दिली असेल.

परंतु चेसल्डनचा रुग्ण बोलू शकत होता. तान्ह्या बाळाला प्रश्न कसा विचारणार? एकोणिसाव्या शतकात या अडचणीवर निरीक्षणाचा मार्ग काढला गेला. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या बालपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांवर आधारित लेख त्यांनी १८७७ साली प्रसिद्ध केला. १८८२ साली जर्मनीत विल्हेल्म प्रायर यांचा बालमनावरील ग्रंथ आला. या नोंदी मोलाच्या होत्या, पण बाळ हसले ते चेहरा ओळखून, आवाज ओळखून की केवळ पोट भरल्यामुळे, हे निरीक्षणातून ठरवता येत नव्हते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली नवजात बाळाच्या अनुभवाचे वर्णन सर्व संवेदनांचा एकच कल्लोळ असे केले आणि पुढची अनेक दशके बहुतेकांची समजूत तशीच राहिली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला फारसे काही दिसत नाही, असे पाठ्यपुस्तकेही सांगत असत.

ही कोंडी फोडली ती एका अतिशय साध्या युक्तीने. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे काम करणारे रॉबर्ट फँट्स यांनी बाळाला विचारण्याची भाषाच बदलली. त्यांनी एक पेटीवजा कक्ष तयार केला. बाळ पाठीवर निजलेले. त्याच्या वर दोन चित्रे टांगलेली. आणि मधल्या छिद्रातून निरीक्षक बाळाच्या डोळ्यांत पाहणारा. ज्या चित्राचे प्रतिबिंब बुबुळावर पडलेले दिसे, त्या चित्राकडे बाळ पाहत आहे असे समजायचे आणि किती वेळ पाहिले ते मोजायचे. दोन चित्रांपैकी एकाकडे ते सातत्याने अधिक वेळ पाहत असेल, तर त्याला त्या दोहोंतला फरक कळतो हे उघड आहे. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात फँट्स यांनी चार दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांचे निष्कर्ष मांडले. मानवी चेहऱ्याची रेखाकृती, त्याच अवयवांची उलटसुलट मांडणी आणि नुसता काळा-पांढरा आकार, या तिन्हींत बाळे चेहऱ्याच्या आकृतीकडे थोडा अधिक वेळ पाहत होती. फरक मोठा नव्हता, पण तो पुन्हा पुन्हा दिसत होता. आज जगभरच्या बालविकास प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या अनेक पद्धती या एका पेटीच्या वंशातल्या आहेत.

मग प्रश्न अधिक धारदार झाला. चार दिवसांच्या बाळाने तोवर शेकडो वेळा चेहरे पाहिलेले असतात. म्हणजे ही आवड शिकलेलीही असू शकते. १९७५ साली कॅरोलिन गोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जन्मानंतर अवघ्या काही मिनिटांतच चाळीस बाळांची परीक्षा घेतली. त्यांचे मध्यक वय नऊ मिनिटे होते. डोळ्यांसमोरून हळूहळू सरकणाऱ्या पाटीवर चेहऱ्याची आकृती असेल, तर बाळे विस्कटलेल्या आकृतीपेक्षा किंवा कोऱ्या पाटीपेक्षा तिच्यामागे मान व डोळे अधिक वळवत होती. अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. १९९१ साली मार्क जॉन्सन, जॉन मॉर्टन व सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि पहिल्या तासाभरातील बाळांतही चेहऱ्याकडे असलेला कल त्यांना आढळला. पण त्यांना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली : सरकत्या चेहऱ्याचा पाठलाग करण्याची ही प्रवृत्ती चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास ओसरते. जन्मजात देणगी म्हणावी, तर ती महिन्याभरात मावळावी कशी?

उत्तर शोधताना जॉन्सन आणि मॉर्टन यांनी कोंबडीच्या पिलांकडे पाहिले. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू पहिल्या काही तासांत जे हलताना दिसेल त्याच्यामागे जाते, हे कॉनराड लॉरेन्झ यांच्या १९३० च्या दशकातील कामामुळे प्रसिद्ध झाले होते. केंब्रिजमध्ये गॅब्रिएल हॉर्न यांच्यासोबत काम करताना जॉन्सन यांना दिसले, की पिलांच्या ठिकाणी दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक त्यांना डोके-मानेसारख्या आकाराकडे वळवते. दुसरी, मेंदूच्या वेगळ्या भागातली, जे समोर आले ते लक्षात ठेवते. पहिली ओळखत नाही, फक्त वळवते. दुसरी ओळखते, पण कोणाकडे पाहायचे हे तिला आधी ठाऊक नसते. मानवी बाळाबाबतही असेच असावे, असे त्यांनी १९९१ साली सुचवले. जन्मतः मिळणारे साहित्य अगदी तुटपुंजे : वर दोन गडद ठिपके आणि खाली एक, एवढ्या ढोबळ मांडणीकडे वळण्याची ओढ. एवढी ओढ बाळाच्या नजरेला माणसांच्या तोंडाशी आणून सोडते. पुढचे काम मेंदूचा शिकणारा भाग करतो. इटलीत पादुआ येथील फ्रान्चेस्का सिमियन आणि सहकाऱ्यांनी पुढे असे दाखवले, की वरच्या भागात अधिक ठिपके असलेली कोणतीही मांडणी नवजात बाळांना आवडते, मग ती चेहऱ्यासारखी नसली तरी चालते. म्हणजे ही देणगी चेहऱ्यासाठीच घडलेली आहे की अधिक सामान्य आहे, याविषयी मतभेद आहेत. ती अपुरी आहे, याविषयी मात्र नाहीत.

‘कोणताही चेहरा’ आणि ‘माझ्या आईचा चेहरा’ यांत मोठे अंतर आहे. हे अंतर बाळ कसे ओलांडते, याचे संशोधन आवाजापासून सुरू झाले. १९८० साली अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतील बाळांच्या तोंडी चोखणी दिली आणि चोखण्याच्या लयीनुसार आईचा किंवा दुसऱ्या स्त्रीचा आवाज ऐकू येईल अशी योजना केली. बाळे आईचा आवाज मिळेल अशा रीतीने चोखू लागली. हे ज्ञान गर्भातले, कारण आईचा आवाज गर्भात पोहोचतो. चेहरा मात्र गर्भात दिसत नाही. तरीही १९८९ साली ग्लासगो येथे इयन बुशनेल आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की सुमारे दोन दिवसांची बाळे, वास लपवला असतानाही, अनोळखी स्त्रीपेक्षा आईकडे अधिक वेळ पाहतात.

दोन दिवसांत हे कसे साधले? १९९५ साली ओलिव्हिए पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये एक छोटासा बदल केला : दोन्ही स्त्रियांच्या डोक्याला रुमाल बांधले. केस आणि कपाळाची कड झाकली जाताच चार दिवसांच्या बाळांची पसंती नाहीशी झाली. बाळ नाक-डोळे नव्हे, तर केस आणि चेहरा यांची सीमारेषा पाहत होते. नवजात बाळाची दृष्टी लक्षात घेतली की हे नवल राहत नाही. निरोगी प्रौढाला जे सुमारे १२० मीटरवरून स्पष्ट दिसते, ते बाळाला दिसण्यासाठी सहाएक मीटरवर आणावे लागते. त्यातही त्याला सर्वांत बरे दिसते ते वीस-तीस सेंटिमीटरवरचे, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जिथे असतो तिथले. धूसर दृष्टीला काळ्या केसांची कड ठळक दिसणारच. यानंतर २००५ साली एफ. झेड. साई यांनी आणखी एक दुवा जोडला. जन्मानंतर ज्या माता परीक्षेपर्यंत बाळाशी बोलल्या नाहीत, त्यांच्या बाळांनी आईच्या चेहऱ्याला पसंती दिली नाही. ज्या बोलत राहिल्या, त्यांच्या बाळांनी दिली. गर्भात ओळखीचा झालेला आवाज नव्या चेहऱ्याची ओळख करून देतो. बाळाशी बोलत राहा, हा आजी-पणजींचा आग्रह प्रयोगशाळेत असा अर्थपूर्ण ठरला.

पुढच्या महिन्यांत जे घडते ते अधिक अनपेक्षित आहे. २००२ साली पास्कालिस, मिशेल द हान आणि चार्ल्स नेल्सन यांनी बाळांना माणसांचे आणि माकडांचे चेहरे दाखवले. सहा महिन्यांची बाळे एका माकडाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखत होती. नऊ महिन्यांच्या बाळांना ते जमेना. मोठ्या माणसांनाही जमले नाही. माणसांचे चेहरे सर्वांना वेगळे कळत होते. वय वाढले तशी एक क्षमता हरपली होती. डेव्हिड केली आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, की तीन महिन्यांची गोरी ब्रिटिश बाळे निरनिराळ्या वंशांच्या माणसांत भेद करू शकतात, तर नवव्या महिन्यात ती स्वतःच्या आसपासच्या वंशाचेच चेहरे नीट ओळखतात. रोज ज्यांची गरज पडते त्या भेदांत मेंदू तरबेज होतो आणि बाकीचे सोडून देतो.

हे सोडणे मात्र अटळ नाही. २००५ साली याच गटाने काही पालकांना माकडांच्या चित्रांची पुस्तके दिली. सहाव्या ते नवव्या महिन्यादरम्यान ती चित्रे पाहिलेल्या बाळांची क्षमता टिकली. २००९ साली लिसा स्कॉट आणि सहकाऱ्यांनी यातला मर्म उलगडला : प्रत्येक माकडाला स्वतंत्र नाव देऊन चित्र दाखवले तर भेद टिकतो, सर्वांना नुसते ‘माकड’ म्हटले तर टिकत नाही. नाव घेऊन हाक मारणे म्हणजे ‘हा दुसऱ्यांहून वेगळा आहे’ असे बाळाला सांगणेच होय. तान्ह्याला मांडीवर घेऊन ‘ही आत्या, हा मामा, हे आजोबा’ असे एकेकाला दाखवण्याची आपली रीत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

आता तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न. हे सारे शिकण्याचे महिने अंधारात गेले तर? डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून, दृष्टीच्या विकासाला एक निर्णायक काळ असतो आणि त्या काळात डोळा झाकला गेला तर मेंदूतील जोडण्या कायमच्या बिघडतात, असे दाखवले. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माणसाच्या चेहरे ओळखण्याबाबत कॅनडातील डॅफ्नी मॉरर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली पुरावा दिला. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या आणि दोन ते सहा महिन्यांच्या वयात उपचार झालेल्या चौदा व्यक्तींची त्यांनी किमान नऊ वर्षांनंतर तपासणी केली. डोळे किंवा ओठ बदलले तर त्यांना फरक कळे. पण तेच अवयव ठेवून त्यांतील अंतर थोडे कमी-जास्त केले तर त्या गोंधळत. अवघ्या काही महिन्यांच्या अंधाराने एक सूक्ष्म पण कायमची उणीव मागे ठेवली होती.

यावरून एक निराशाजनक अनुमान निघू शकत होते आणि ते काढलेही जात होते : काही महिन्यांच्या अंधाराचा हा परिणाम, तर आठ-दहा वर्षांच्या अंधारानंतर शस्त्रक्रियेचा उपयोग काय? पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न बहुधा पुस्तकी राहिला, कारण तिथे जन्मजात मोतीबिंदू सहसा पहिल्या महिन्यांतच काढला जातो. भारतात तो पुस्तकी नव्हता. खेड्यापाड्यांत उपचाराविना वाढलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली अंध मुले होती, आणि त्यांतील काहींचे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे होते.

भारतात जन्मलेले आणि अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक असलेले पवन सिन्हा यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. उत्तर भारतातील गावांमधून अशी मुले शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर उपचार करायचे आणि त्यांची संमती असेल तर नव्याने आलेली दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यास करायचा, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. आरंभीच्या काळात, २००६ साली, या गटाने एका भारतीय स्त्रीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बाराव्या वर्षी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तपासणीच्या वेळी ती बत्तीस वर्षांची होती. तिची दृष्टी अधू होती, तरी चेहऱ्यांशी संबंधित अनेक कामे ती करू शकत होती. बाराव्या वर्षानंतर काहीच शिकता येत नाही, या समजुतीला हा पहिला धक्का होता.

२०११ साली मॉलिनोंच्या कोड्याचे उत्तर दिल्लीतून मिळाले. आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू पाहून ओळखायला सांगितले. त्यांना ते जवळजवळ जमले नाही. लॉक आणि मॉलिनो बरोबर होते. पण काही दिवसांतच त्यांच्यात लक्षणीय सुधारणा झाली, आणि याची अटकळ कोणत्याही तत्त्वज्ञाने बांधली नव्हती. २०१७ साली चेहऱ्यांची पाळी आली. उशिरा दृष्टी लाभलेल्या पाच जणांना चेहऱ्यांची आणि चेहऱ्यासारख्या भासणाऱ्या इतर गोष्टींची चित्रे दाखवली. सुरुवातीला त्यांना ‘हा चेहरा आहे, हा नाही’ एवढेही सांगता येईना. नवजात बाळाला उपजत असणारी ती ढोबळ ओढ त्यांच्या मदतीला आली नाही. तरीही पुढच्या काही महिन्यांत ते हे काम स्पष्टपणे शिकले. दार बंद झाले नव्हते. ते अरुंद झाले होते.

मग मॉरर यांच्या रुग्णांत दिसलेली ती सूक्ष्म उणीव कशामुळे? सिन्हांच्या गटाने २०१८ साली एक धाडसी शक्यता मांडली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे दृष्टिपटल पुष्कळ पक्व झालेले असते. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याला नवजात बाळापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. वरवर हा लाभ वाटतो. पण संगणकीय प्रतिमानांना आधी धूसर आणि मग स्पष्ट चेहरे दाखवून शिकवले, तेव्हा ती आरंभापासून स्पष्ट चित्रे पाहिलेल्या प्रतिमानांपेक्षा अधिक चिवट ठरली. धूसर चित्रात तपशील हाती लागत नाही, म्हणून संपूर्ण चेहऱ्याची मांडणी पाहावी लागते. तपशील सहज मिळाला की मांडणीकडे दुर्लक्ष होते. २०२४ साली याच गटाने रंगांबाबत असेच काही दाखवले. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांना रंगीत चित्रांतील वस्तू ओळखता येत, पण तीच चित्रे कृष्णधवल केली की त्यांची कामगिरी इतर मुलांपेक्षा बरीच घसरे. नवजात बाळाला रंग फिकेच दिसतात, म्हणून ते रंगावाचून ओळखायला शिकते. बाळाची दृष्टी ‘कच्ची’ असते हे आपण उणीव म्हणून सांगत आलो. ती शिकवणीची पहिली पायरी असावी, असे हे संशोधन सुचवते.

प्राण्यांवरील प्रयोगही अनुभवाचे महत्त्व अधोरेखित करतात, जरी त्यांचे सूर तंतोतंत जुळत नाहीत. २००८ साली जपानमधील योइची सुगिता यांनी चेहरे न दाखवता वाढवलेल्या माकडांत चेहऱ्यांची ओढ शिल्लक असल्याचे नोंदवले. महिनाभर माणसांचे किंवा माकडांचे चेहरे दाखवल्यावर ती त्या-त्या जातीच्याच चेहऱ्यांत निष्णात झाली. २०१७ साली मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांच्या हार्वर्डमधील गटाने, सांभाळणाऱ्यांनी वेल्डिंगचे मुखवटे घालून वाढवलेल्या माकडांच्या मेंदूत चेहऱ्यांसाठीचे खास भाग तयारच झाले नाहीत, असे दाखवले. ती माकडे चेहऱ्यांऐवजी हातांकडे पाहत.

तान्ह्या बाळाच्या नजरेस रोज काय पडते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या लिंडा स्मिथ यांच्या गटाने बाळांच्या डोक्यावर हलके कॅमेरे बसवले. पहिल्या महिन्यांत चौकटीत जवळचे चेहरे वारंवार येतात. दुसऱ्या वर्षाकडे जाताना चेहरे कमी होतात आणि हात व वस्तू वाढतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतील ब्लूमिंग्टन शहराबरोबर चेन्नईजवळची, वीज तुटपुंजी असलेली आणि दिवस बहुतांशी बाहेर घालवणारी मच्छीमार वस्तीही होती. मोठ्यांच्या नजरेतील दृश्ये दोन्हीकडे वेगळी होती. अगदी लहान बाळांच्या नजरेतील दृश्ये मात्र साधी, ठळक कडांची आणि परस्परांशी मिळतीजुळती होती. चेहऱ्याच्या शाळेचा पहिला वर्ग सर्वत्र जवळपास एकसारखा भरतो, असे यातून दिसते.

या इतिहासाचा निष्कर्ष सरळ आहे आणि तो दोन दिशांनी लागू पडतो. पहिली दिशा : त्या पहिल्या वर्गातला एकही महिना वाया जाऊ नये. गरोदरपणातील रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, जन्मजात मोतीबिंदूला कारण ठरतो, हे ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ सालीच ओळखले होते. भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवा, कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथून सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे झाला, आणि त्यात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत मोतीबिंदू आहे. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरेपणा दिसला, किंवा तीन महिन्यांचे बाळ समोरच्या चेहऱ्यावर नजर स्थिरावत नसेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास एक आठवडाही दवडू नये. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन-अडीच महिन्यांच्या आत होणे इष्ट मानले जाते.

दुसरी दिशा : ज्यांची ती वेळ निघून गेली आहे, त्यांना ‘आता उशीर झाला’ असे सांगून परत पाठवू नये. त्यांची दृष्टी इतरांइतकी तीक्ष्ण होणार नाही, काही बारकावे कायमचे निसटतील. पण ती मुले पाहायला शिकतात, चेहराही शिकतात. चेसल्डनच्या त्या मुलाला आईच्या घड्याळावरील पदकातले वडील ओळखता आले होते. अठराव्या शतकातली ती एकाकी साक्ष, दिल्लीत उपचार घेतलेल्या मुलांमुळे, आज विज्ञानाचा पुरावा झाली आहे.